३१ मार्च आणि द्राक्षाचा सीझन : नाशिकच्या एका छोट्या संस्थेच्या स्टाफचं प्रकरण

संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, पैसे देणाऱ्या कंपनीचंही नाही. दोन्हीकडची माणसं अजून एकत्र काम करतायत आणि मला त्यात खोडा घालायचा नाही. पण जे झालं ते नीट मांडायला हवं असं वाटत होतं, कारण आरोग्य आणि शिक्षणाचं काम करणाऱ्या लहान संस्थांमध्ये दर वर्षी हेच घडतं, मार्चअखेर पैसे थांबतात आणि स्टाफ घरी बसतो, आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही. मी या संस्थेचे हिशोब आणि स्टाफची कागदपत्रं बघते, त्यामुळे मीटिंगांना हजर होते.

ऑफिस पंचवटीत, भाड्याच्या दोन खोल्या. प्रत्यक्ष काम दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांवर, मोहाडी, जानोरी, खेडगाव या बाजूला. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या हरसूल पट्ट्यातली कुटुंबं भात-नागलीची कापणी उरकली, दिवाळी झाली की इकडे येतात, मुकादम टोळ्या घेऊन येतो, आणि मग एप्रिलपर्यंत बागेच्या कडेच्या शेडमध्ये नाहीतर ताडपत्रीच्या झोपडीत मुक्काम. डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, घडांना पेपर लावणं, मग तोडणी. मोठी मुलं आश्रमशाळेत राहतात, अगदी लहान आईबरोबर येतात, आणि त्या लहानग्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण शाळा सोडून येते. हे शेवटचं वाक्य ज्याला कळलं त्याला ही संस्था आरोग्य आणि शिक्षण दोन्ही एकत्र का करते ते वेगळं सांगावं लागत नाही, कारण बाळासाठी पाळणाघर काढलं की बहीण मोकळी होते, बहीण मोकळी झाली की ती शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ शकते, गावच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद) दिलं असेल तर इकडच्या गुरुजींचं कामही सोपं होतं. आणि पाळणाघरात बाळ रोज येतं म्हणून त्याचं वजन, दंडघेर, खाणं बघता येतं. औषध फवारणीच्या दिवशी ते बाळ मांडवाखाली झोपलेलं नसतं, हा फायदा तर कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

आता स्टाफ. सगळे मिळून दहा जणं. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस, एक रिटायर्ड एएनएम (सरकारी नर्स) ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, पाळणाघर आणि अभ्यासवर्गाच्या दोन ताई, तीन फिल्ड वर्कर (तिघीही सुरगाणा-पेठकडच्याच), ओपीडीच्या गाडीचे ड्रायव्हर दादा, प्रकल्प समन्वयक मॅडम, आणि ऑफिसात एंट्री करणारा एक मुलगा. बाहेरच्याला यात डॉक्टर महत्त्वाचे वाटतात आणि फोटोतही तेच पुढे असतात, पण टोळी कालच्या बागेतून आज कुठल्या बागेत गेली हे डॉक्टरांना कधीच माहीत नसतं. ते माहीत असतं फिल्ड वर्करला आणि ड्रायव्हर दादांना. दादांच्या फोनमध्ये मुकादमांचे नंबर आहेत, बाग मालकांचे आहेत, आणि कुठल्या शेडपर्यंत गाडी जाते आणि कुठे ओढ्याअलीकडे लावून चालत जायचं हे त्यांच्या डोक्यात आहे. फिल्ड वर्कर तायांना ती बोली येते, त्या कोणाच्या तरी मावशी-आत्याच्या नात्यातल्या निघतात, म्हणून शेडमधली बाई त्यांच्यासमोर बोलते. सिस्टरसमोरही तेवढी बोलत नाही.

तर प्रकरण असं. कंपनीचा करार १ एप्रिल ते ३१ मार्च. फेब्रुवारीत कंपनीकडून मेल आला की काम चांगलं आहे, आम्ही खूश आहोत, पण पुढच्या वर्षाची मंजुरी बोर्डापुढे जाईल आणि त्याला जून-जुलै उजाडेल, तोपर्यंत नवीन खर्च मान्य होणार नाही. बस एवढाच मेल. असा मेल या क्षेत्रात इतका नेहमीचा आहे की त्याचं उत्तरही ठरलेलं असतं : स्टाफला ‘ब्रेक’ द्यायचा, म्हणजे बिनपगारी घरी बसवायचं, मंजुरी आली की परत बोलवायचं. मागच्या दोन वर्षीही थोड्या फार फरकाने तेच केलं होतं. कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रार कोणाकडे करणार.

पण यात वेळेचा जो घोळ आहे तो नीट बघा. द्राक्षाचं वर्ष मार्चला संपत नाही. ऑक्टोबर छाटणीपासून ते सुरू होतं, जानेवारीपासून तोडणी, एप्रिलमध्ये माल संपतो आणि खरड छाटणी लागते. मजूर मध्ये शिमग्याला गावी जाऊन येतात आणि एप्रिल-मेमध्ये सीझन संपवून गावी जातात. म्हणजे ज्या बाळावर आपण चार महिने मेहनत घेतली ते बाळ दिंडोरीतून सुरगाण्याला नेमकं तेव्हा जातं जेव्हा आपला स्टाफ ब्रेकवर असतो. आणि त्यापुढे जून-जुलै, म्हणजे लावणीचे दिवस, आई दिवसभर चिखलात, घरातलं धान्य संपत आलेलं, जुलाब-तापाचा सीझन. बाळ घसरायचं असेल तर तेव्हाच घसरतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समन्वयक मॅडमनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. त्यांनी मेल मोठ्याने वाचून दाखवला, काही लपवलं नाही, आणि म्हणाल्या की तुम्हाला आधी सांगतेय म्हणजे ज्याला दुसरीकडे बघायचं असेल त्याने बघावं, मला राग येणार नाही. मला हे फार आवडलं होतं, कारण बऱ्याच ठिकाणी स्टाफला ३१ मार्चला संध्याकाळी कळतं.

त्या मीटिंगमध्ये पहिलं बोलले ते ड्रायव्हर दादा. त्यांनी मला विचारलं, ताई, गाडीचा इन्शुरन्स आपण एप्रिलमध्ये भरणार ना? मी म्हटलं हो, भरावाच लागतो. ऑफिसचं भाडं? तेही द्यावंच लागतं. मग म्हणाले, “म्हणजे गाडी राहणार, खोली राहणार, फक्त आम्ही नाही.” रागाने नाही म्हणाले, हिशोब विचारल्यासारखं म्हणाले. पण खोलीत कोणी काही बोलेना. कारण बरोबरच होतं ते, आमच्या बजेटमध्ये निर्जीव गोष्टी बारा महिन्यांच्या होत्या आणि माणसं मंजुरीपुरती.

मग फिल्ड वर्करमधल्या सगळ्यात जुन्या ताईंनी पिशवीतून वही काढली. वहीत त्या वेळी लाल आणि पिवळ्या पट्टीतली मुलं होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर लाल, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित; ११.५ ते १२.५ च्या मध्ये पिवळा, म्हणजे मॅम, मध्यम कुपोषित. ताईंनी प्रत्येक नावापुढे मूळ गाव, पाडा, मुकादमाचं नाव, गावाकडच्या अंगणवाडी सेविकेचं नाव आणि घरातल्या ज्याच्याकडे फोन आहे त्याचा नंबर लिहिला होता. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, फॉरमॅटमध्ये तर नव्हतंच. एक दीड वर्षाची मुलगी होती, लालमधून नुकतीच पिवळ्यात आलेली. ताई म्हणाल्या ही शिमग्याला गेली की परत येणार नाही, आई दुसऱ्यांदा गरोदर आहे. तिच्याकडे कोण जाणार?

आता अंगणवाडी आहे की, असं कोणी म्हणेल. आहे, आणि १९७५ पासून ही यंत्रणा उभी आहे, आदिवासी भागात अमृत आहाराची योजना आहे, मूल फारच खालावलं तर पोषण पुनर्वसन केंद्र आहे आणि तिथे आईला बुडीत मजुरीही मिळते. सेविकांच्या नोंदी आता मोबाइलवर होतात आणि स्थलांतरित मुलांसाठीही सोय केलेली आहे. पण यातलं काहीही आपोआप होत नाही. मूल इकडे आहे तेव्हा इकडची सेविका म्हणते माझ्या यादीत नाही, तिकडची म्हणते ते तर बागांवर गेलेत. दोघींना फोन करून, हे मूल अमुक तारखेला तुमच्याकडे येतंय, दंडघेर इतका आहे, औषध हे चालू आहे, असं सांगणारं कोणीतरी मध्ये लागतं. ते मधलं माणूस म्हणजे ही ताई. तिला ब्रेक दिला की सरकारची यंत्रणा तशीच राहते, मुलगी तशीच राहते, मधला धागाच तुटतो.

त्या मीटिंगमध्ये तीन मतं होती. सगळ्यांना ब्रेक, हे एक. सगळ्यांना अर्धा पगार, हे दुसरं, आणि ऐकायला ते सगळ्यात न्यायाचं वाटतं. पण अर्ध्या पगारात ज्याचं घर चालत नाही तो अर्धा दिवस नाही, पूर्णच दुसरीकडे जातो. तिसरं मत सिस्टरचं. त्या म्हणाल्या, माझी पेन्शन आहे, डॉक्टरांचं स्वतःचं क्लिनिक आहे, आमचे पैसे बंद करा, ओपीडीची गाडी एप्रिलपासून थांबवा, तसंही बागा रिकाम्या होतायत, डिझेल आणि औषधाचे पैसे वाचतील. त्यातून फिल्ड वर्कर, पाळणाघराच्या ताई आणि दादांचा पगार पूर्ण द्या आणि त्यांना बागांवर नाही, गावांकडे पाठवा. पेठ-सुरगाण्यात, मुलांच्या मागे.

साधी गोष्ट वाटते पण हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सगळे ‘प्रोग्रॅम चालू ठेवायचा कसा’ यावर अडकलो होतो, आणि प्रोग्रॅम म्हणजे गाडी, कॅम्प, ओपीडी असं धरून चाललो होतो.

पैसे तरीही पुरत नव्हते. एक विश्वस्त काका म्हणाले मी उसने देतो, जुलैत परत करा. इथे मला मध्ये पडावं लागलं, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अ प्रमाणे ट्रस्टसाठी कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, मग पैसे देणारा आपलाच माणूस असला तरी. त्यात महिने गेले असते. काकांनी शेवटी देणगीच दिली, अपेक्षेपेक्षा कमी, पण दिली. आणि मग समन्वयक मॅडम आणि दादा बाग मालकांकडे गेले. हे आधी कधी केलं नव्हतं. पाळणाघर असलं की बायका वेळेवर बागेत येतात, मध्ये दहा वेळा बाळाकडे धावत नाहीत, पुढच्या वर्षी तीच टोळी परत येते, हे बागायतदारांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. काहींनी स्पष्ट नाही म्हटलं, भाव पडलेत म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. काहींनी पैसे दिले. एकाने पैसे नाही दिले पण पाळणाघराची खोली आणि दूध कायमचं माझ्याकडे लागलं म्हणून सांगितलं. सगळं धरून जूनअखेरपर्यंत सहा जणांचा पगार निघेल एवढं जमलं. समन्वयक मॅडमनी स्वतःचा अर्धा घेतला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे घ्यायला नको होता असं माझं अजूनही मत आहे, कारण मग पुढच्या वेळी तीच अपेक्षा धरली जाते.

एप्रिल ते जून काय झालं ते थोडक्यात. गाडी पेट्रोलपंपाजवळ एका ओळखीच्या शेडमध्ये उभी, दादा टू-व्हीलरवर. पेठ रोडने सावळघाट, कोटंबी घाट ओलांडून पलीकडे जायचं, पुढे जिथे एसटी जात नाही तिथे एका ताईला सोडायचं, दुसरीला दुसऱ्या पाड्यावर, संध्याकाळी गोळा करून आणायचं. कधी कधी मुक्काम तायांच्याच माहेरी. रेंज नाही म्हणून अॅपमधली एंट्री रात्री. प्रत्येक मुलाच्या घरी आणि त्या गावच्या सेविकेकडे, आशाताईकडे, दोन्हीकडे जायचं हा नियम ताईंनीच ठरवला. सेविकेला न भेटता परस्पर घरी गेलं की तिला वाटतं आपली तपासणी चाललीय, आणि मग ती मदत करत नाही. ती दीड वर्षाची मुलगी परत लालमध्ये गेली होती, जुलाब झाले होते. ताईंनी सेविकेला घेऊन घर गाठलं, मुलगी खात नव्हती, म्हणून ग्रामीण रुग्णालयात नेली. आजी सोडायला तयार नव्हती, आई गरोदर, बाप खरड छाटणीला दिंडोरीत. बापाला तिथे जाऊन कोणी सांगितलं? दादांनी, कारण तो कुठल्या बागेत असणार हे त्यांना माहीत होतं. बाप दुसऱ्या दिवशी गावी आला, आजी मग ऐकली. मुलगी दाखल झाली, बरी होऊन घरी गेली, पावसाळ्यात पुन्हा एकदा आजारी पडली पण लालमध्ये गेली नाही.

सगळ्यांचं असं झालं नाही. वहीतली काही कुटुंबं सापडलीच नाहीत, गुजरातकडे गेली असं कळलं, फोन बंद. आणि अभ्यासवर्गाच्या दोन तायांपैकी एक मे महिन्यात सोडून गेल्या, शहरातल्या एका खासगी शाळेत. पगार चालू असताना गेल्या. त्या म्हणाल्या, या वर्षी दिलात, पुढच्या मार्चला काय? माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं.

जुलैत कंपनीची मंजुरी आली आणि खरा वाद तिथे झाला. कंपनीच्या फॉरमॅटमध्ये खर्चाचे तीन रकाने : साहित्य, वाहन, आणि ‘मनुष्यबळ व प्रशासन’. त्या तिसऱ्या रकान्याला त्यांनी ५ टक्क्यांची मर्यादा घातली, कायदाच तसा आहे म्हणाले. ड्रायव्हर वाहनाच्या रकान्यात बसत होता म्हणून वाचला, बाकी फिल्ड वर्कर, पाळणाघराच्या ताई सगळे त्या पाच टक्क्यांत. कायदा तसा नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली जे सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाचे नियम आहेत, जानेवारी २०२१ मध्ये जे बदलले, त्यात ५ टक्के मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या प्रशासकीय खर्चाला. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यावर थेट होणारा खर्च त्यातून बाहेर ठेवलाय, व्याख्येतच लिहिलंय. दंडघेर मोजणारी ताई म्हणजे अंमलबजावणी नाही तर काय आहे? पट्टीची किंमत ‘साहित्य’ आणि पट्टी लावणारा हात ‘प्रशासन’, हे मला कुठल्याच हिशोबात पटत नाही. तसंच एक वर्षाचाच करार करावा लागतो हेही खरं नाही, चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मंजुरी देता येते, त्या वर्षी न खर्च झालेले पैसे वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे असतात, अशी अट आहे.

हे सगळं आम्ही दोन पानांत लिहून दिलं, भांडणाच्या सुरात नाही. सोबत त्या वहीच्या पानांची प्रत, नावं झाकून. कंपनीतल्या ज्या मॅडम हे काम बघतात त्यांनी ते त्यांच्या फायनान्सकडे नेलं, आणि फायनान्सने मान्य केलं. फिल्ड वर्कर आणि पाळणाघर प्रकल्पाच्या रकान्यात गेले. तीन वर्षांची मंजुरी मात्र नाही मिळाली, दोन वर्षांची मिळाली, आणि एकूण रक्कम मागितल्यापेक्षा कमी. ओपीडीचे दिवस त्यामुळे कमी करावे लागले. डॉक्टर आता आठवड्यातून एकच दिवस येतात. माझ्या मते हे बरोबर झालं, जवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथे मूल नेऊन पोचवणारं माणूस आपल्याकडे असणं जास्त गरजेचं. डॉक्टरांना ते पूर्ण पटलेलं नाही आणि त्यांची बाजूही आहे, बागेतल्या बाईची मजुरी बुडाल्याशिवाय तपासणी होत होती ती गाडीमुळेच.

संस्थेत आता तीन गोष्टी बदलल्यात. कामाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर धरायचं, हिशोब कायद्याप्रमाणे मार्चलाच होतील पण कामाची आखणी आणि स्टाफची नेमणूक पत्रं द्राक्षाच्या वर्षाप्रमाणे. दुसरं, बागायतदारांकडून आणि शहरातून येणाऱ्या छोट्या देणग्यांतून पगाराचा राखीव निधी. ट्रस्टला उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात, १५ टक्के मागे ठेवता येतात, त्या पंधरा टक्क्यांचा विश्वस्तांनी ठरावच केलाय की हे फक्त पगाराला, खुर्च्या-कॉम्प्युटरला नाही. अजून जेमतेम एका महिन्याचा पगार जमलाय. तिसरं म्हणजे ती वही. तिचे रकाने आता ऑफिसच्या फॉरमॅटमध्ये घेतलेत, आणि एप्रिल-मेचं गावाकडचं फिरणं बजेटमध्ये वेगळ्या ओळीत आहे, टू-व्हीलरच्या पेट्रोलसकट.

अडलेलं काम एकच आहे, सोडून गेलेल्या ताईंची जागा. पाहिजे ती मुलगी किंवा बाई सुरगाणा-पेठकडची, बोली येणारी, डीएड असेल तर उत्तम पण अट नाही, शेडमध्ये जाऊन बसायची तयारी असणारी. दोन जणी येऊन भेटून गेल्या, दोघींनी पहिला प्रश्न नेमणूक किती महिन्यांची हाच विचारला, आणि आता निदान बारा लिहून देता येतात. ऑक्टोबरच्या छाटणीआधी जागा भरायची आहे, कारण टोळ्या आल्या की पहिल्या पंधरा दिवसांतच कुठलं मूल कुठल्या शेडमध्ये आहे ते लिहून घ्यावं लागतं.